बंद लॅपटॉपमधले घरचे फोटो: दुकान, पेनड्राइव्ह की केसिंग?

आमचा 2016 साली घेतलेला लॅपटॉप गेल्या जूनमध्ये, पहिल्याच पावसात वीज दोन-तीनदा जाऊन आली त्या संध्याकाळी बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. चार्जरचा दिवा लागे, पंखा क्षणभर फिरे, पडदा मात्र काळाच राही. यंत्राचे वय झालेच होते. जीव अडकला होता तो आतल्या फोटोंत. त्यांत मुलीच्या जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातले, पत्नी तिला पाजत असतानाचे फोटो होते. वडील अंथरुणाला खिळले होते त्या आठ महिन्यांत त्यांच्या पाठीवर झालेल्या जखमेचे, डॉक्टरांना पाठवण्यासाठी रोज काढलेले फोटोही त्यातच होते. फोनमधून ते केव्हाच काढून टाकलेले होते. यांतला एकही फोटो लाजिरवाणा नाही, पण घराबाहेरच्या माणसाने पाहावा असाही एक नाही.

अशा वेळी साधारण तीन मार्ग समोर असतात. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात द्यायचा. लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या) पेनड्राइव्हवरून तोच लॅपटॉप सुरू करून फोटो बाहेर काढायचे. किंवा डिस्क काढून केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडता येणाऱ्या बाहेरच्या डबीत, बसवायची आणि दुसऱ्या संगणकाला जोडायची. तिन्ही मार्गांवर मी कमी-अधिक अंतर चाललो आहे.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट कान देऊन ऐकावी लागते, आणि ती शब्दशः. फिरत्या हार्ड डिस्कमधून ठराविक लयीत टक-टक असा आवाज येत असेल, तर बहुधा आतले वाचणारे डोके बिघडलेले असते आणि वीज दिल्याच्या प्रत्येक मिनिटाला तबकडीवर ओरखडे पडण्याची भीती असते. तिथे घरगुती उपाय नको. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला तर मुळीच मानू नये, कारण बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरते. धूळविरहित खोलीत डिस्क उघडणारी प्रयोगशाळा हाच अशा वेळचा मार्ग आहे आणि तो महाग असतो. परंतु माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत बिघडलेला असतो तो लॅपटॉप: मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड किंवा नुसते विंडोज. डिस्क ठणठणीत असते. पुढचे सारे अशा घरांसाठी आहे.

मी आधी दुकानातच गेलो. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, कामाचा जाणकारही वाटला. त्याने लॅपटॉप उलटसुलट पाहिला, झाकणावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर माझे आडनाव आणि मोबाइल नंबर लिहिला आणि पेन तसेच धरून विचारले, "काका, पासवर्ड काय लिहू?" मी सांगितला. त्याने तो मोठ्या ठळक अक्षरांत नंबरच्या खाली लिहिला. मग त्याच्या मागच्या फळीकडे माझे लक्ष गेले. दहा-बारा लॅपटॉप पुस्तकांसारखे उभे लावलेले होते, प्रत्येकाच्या झाकणावर तशीच चिठ्ठी होती, आणि काउंटरच्या अलीकडून मला त्यांतली तीन आडनावे व त्यांखालचे तीन पासवर्ड सहज वाचता येत होते.

फोटो मिळाले की नाहीत हे तुम्ही कसे तपासता, असे मी विचारले. "दोन-चार उघडून बघावेच लागतात ना काका, नाहीतर करप्ट निघतात आणि गिऱ्हाईक परत येतं," असे तो म्हणाला. त्याचे खोटे नव्हते. फाइल जागेवर दिसणे आणि ती धड उघडणे यांत फरक असतो आणि पाहिल्यावाचून खात्री देता येत नाही. पुढे त्याने असेही सांगितले की, मिळालेला डेटा आधी दुकानाच्या संगणकावर घेतात आणि गिऱ्हाइकाची तक्रार येऊ शकते म्हणून काही दिवस तिथेच ठेवतात. मी लॅपटॉप परत मागितला, चिठ्ठी स्वतः सोलून काढली आणि घरी आलो.

माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. त्या मुलाच्या सचोटीबद्दल मला आजही शंका नाही. पण हे काम दुसऱ्याने केले तर ते फोटो त्याने पाहणे हा त्या कामाचाच भाग होतो. वडिलांची उघडी पाठ कोणीतरी 'फोटो नीट आला आहे' म्हणून न्याहाळणार, ही कल्पना मला सहन झाली नाही. घरी आल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती अधिक खुपली: माझ्या डिस्कवर एन्क्रिप्शन (किल्लीवाचून मजकूर वाचता येऊ नये असे कुलूप) नव्हते, म्हणजे फोटो काढण्यासाठी त्यांना त्या पासवर्डची गरजच नव्हती. विंडोजचा पासवर्ड हा दारावरचा पडदा आहे. डिस्क काढून दुसरीकडे जोडली की तो बाजूला होतो. दुरुस्तीनंतर कीबोर्ड, स्पीकर तपासायला दुकानांना तो सोयीचा पडतो, इतकेच. त्यामुळे पासवर्ड न देता लॅपटॉप दिला म्हणजे फोटो सुरक्षित राहिले, असे कोणी समजू नये.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये याच प्रश्नावरचा एक अभ्यास मांडला. त्यांनी निरनिराळ्या 16 दुकानांत किरकोळ दुरुस्तीसाठी लॅपटॉप दिले. 6 ठिकाणी तंत्रज्ञांनी आतला खासगी मजकूर उघडून पाहिल्याचे आढळले आणि त्यांपैकी 2 ठिकाणी तो उतरवूनही घेतला होता. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66ई आहे. संमतीवाचून कोणाच्या खासगी अवयवांचे चित्र टिपणे किंवा पसरवणे यासाठी त्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. पण कायदा कामाला येतो तो फोटो बाहेर गेल्यानंतर.

पेनड्राइव्हचा मार्ग मी त्याआधी पत्नीच्या लॅपटॉपवर वापरलेला होता. तिचे विंडोज सुरू होता होता गोल चक्रावर अडकून राही. शेजारच्यांच्या संगणकावर रूफस हे साधन वापरून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार उतरवला, लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याच्या यादीची, कळ दाबली (डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ12, एचपीत एफ9) आणि डिस्कला धक्का न लावता पेनड्राइव्हवरूनच मिंट उघडले. या मार्गाचा मोठा गुण असा की एकही स्क्रू काढावा लागत नाही आणि पैसे जवळजवळ लागतच नाहीत. विंडोज नीट बंद झालेले नसेल तर लिनक्स ती डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती उघडते. फोटो उतरवून घ्यायला तेवढे पुरते, किंबहुना ते हिताचेच आहे.

अडचण अशी की, हा मार्ग त्याच आजारी लॅपटॉपच्या भरवशावर चालतो. पत्नीच्या लॅपटॉपची चार्जिंगची पिन सैल होती आणि बॅटरी पार उतरलेली होती. मध्येच वीज तुटून तो तीनदा बंद पडला. शेवटी वायर रबरबँडने एका कोनात बांधून मी दोन तास त्याच्याशेजारी बसून राहिलो. फोटो सगळे मिळाले. तरीही ज्या यंत्राचा भरवसा संपला आहे त्यालाच शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम सांगायचे, हे मला पटले नाही. शिवाय यावेळी मदरबोर्डच गेलेला असल्याने या मार्गाचा प्रश्नच नव्हता.

राहिले केसिंग. पुण्यात तपकीर गल्लीत मला अडीच इंची साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) डिस्कचे केसिंग 500 रुपयांच्या आत मिळाले. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर असेच मिळेल. लॅपटॉप उलटा करून खालचे स्क्रू काढले. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले होते, ते सापडेपर्यंत झाकण ओढण्याची चूक मी करणार होतो. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने लावून ठेवला. बॅटरीची जोडणी आधी सोडवली, मग डिस्क आडवी सरकवून बाहेर घेतली. ज्याने घरातला मिक्सर कधी उघडून साफ केला आहे, त्याला यात अवघड वाटण्यासारखे काही नाही.

पहिल्यांदा जोडली तेव्हा डिस्क फिरलीच नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण क्षुल्लक होते: मी ती जुन्या यूएसबी 2.0 च्या पोर्टला जोडली होती. तिथून 500 मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची हमी असते, यूएसबी 3.0 च्या निळ्या पोर्टमधून 900 मिळतात. केबल आखूड घेऊन निळ्या पोर्टला जोडल्यावर डिस्क लगेच फिरू लागली. अशा वेळी डिस्कच मेली असे समजून कित्येक जण दुकानाकडे वळत असावेत.

त्यानंतर विंडोजच्या दोन सूचना येऊ शकतात. 'या फोल्डरसाठी आपल्याला परवानगी नाही' या सूचनेवर 'कंटिन्यू' दाबून स्वस्थ बसावे. हजारो फाइलींच्या परवानग्या बदलायला बराच वेळ लागतो. 'वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा' अशी सूचना आली, तर मात्र ती खिडकी बंद करावी आणि काहीही झाले तरी होकार देऊ नये. कॉपी करताना एकाच जागी वारंवार अडखळत असेल तर हट्ट सोडावा. लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्यावी; तो आधी चांगला भाग वाचून घेतो, दुखऱ्या जागी शेवटी जातो आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो. चुकून पुसलेल्या फोटोंसाठी फोटोरेक हे मोफत साधन आहे, पण त्यात मूळ नावे आणि फोल्डर जातात, आणि मिळालेले फोटो त्याच डिस्कवर साठवायचे नसतात. एसएसडीवरून (फिरती तबकडी नसलेल्या, चिपच्या डिस्कवरून) पुसलेले फोटो ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा डिस्क स्वतःच रिकामी करत असल्याने, सहसा परत येत नाहीत, तिथे फार आशा ठेवू नये.

आमचे सुमारे 140 जीबी दोन-अडीच तासांत उतरले. तपासायला पत्नी बसली. तिने आपले आणि मुलीचे फोटो एकेक करून पाहिले आणि मग खुर्ची मला दिली. वडिलांच्या फोल्डरमधला पहिला फोटो उघडला: जखमेशेजारी धरलेली सहा इंची प्लास्टिकची पट्टी, डॉक्टरांनी मोजमाप दिसावे म्हणून सांगितलेली, आणि कडेला पट्टी धरलेला आईचा अंगठा. फोटो नीट आला होता. तो नीट आला आहे हे पाहणारा माणूस आमच्या घरातला होता.

केसिंगही सर्वांना चालेल असे नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण कित्येकदा मदरबोर्डवरच डाख दिलेली असते. ॲपलच्या टी2 या सुरक्षा चिपच्या आणि 2020 च्या अखेरीस आलेल्या एम1 चिपपासून पुढच्या मॅकबुकमध्ये ती चिपशी एन्क्रिप्शनने बांधलेलीही असते, त्यामुळे काढून उपयोग नाही. अशांचा केवळ पडदा गेला असेल तर टीव्ही किंवा मॉनिटर जोडून पाहावा. त्यापलीकडे दुकान टाळता येणार नाही. तेव्हा निदान आपल्यासमोर बसून, आपल्याच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून द्यायला सांगावे. काही जण मान्य करतात.

नव्या विंडोज 11 मध्ये, विशेषतः 2024 च्या 24एच2 आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होते. मग कोणत्याही मार्गाने गेलात तरी बहुधा ते कुलूप उघडणारी 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती त्या खात्यावर साठवलेली असते. लॅपटॉप सुरू आहे तोवरच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी, असे मी आता भेटेल त्याला सांगतो.

कोल्हापूरचे माझे साडू गेल्या महिन्यात त्यांचा पडून बंद झालेला लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. आत एम.2 ची पट्टी (पट्टीच्या आकाराची एसएसडी) होती, 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब, टोकाला एकच खाच. एक खाच असलेली पट्टी बहुधा एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीची आणि दोन खाचांची सहसा साटाची असते, आणि त्यांची केसिंगे वेगळी असतात, हे दुकानात जाण्यापूर्वी पाहून घेतलेले बरे. एनव्हीएमईचे केसिंग माझ्या केसिंगच्या तिप्पट किमतीला पडले. पट्टी जोडताच विंडोजने की मागितली. साडूंनी फोनवरून खाते उघडून 48 अंक मला वाचून दाखवले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा कुलूप उघडले. कॉपी पाऊण तासात संपली. फोल्डर उघडायची वेळ आली तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली, खोलीचे दार लोटून घेतले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो.