साउथ बाय साउथवेस्टचा म्युझिक बॅज विद्यार्थ्याने घ्यावा का? काही महिन्यांनंतरचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला झालेल्या साउथ बाय साउथवेस्ट या महोत्सवाचा (सगळे नुसतं 'साउथ बाय' म्हणतात) विद्यार्थी सवलतीतला म्युझिक बॅज (संगीताच्या कार्यक्रमांना प्रवेश देणारा पास) वापरून आता बरेच महिने झाले. अशा ठिकाणी झालेल्या ओळखींचं पुढे काय होतं, हे कळायला तेवढा वेळ जावाच लागतो. माझं मत आधीच सांगतो. फक्त गाणी ऐकायची असतील तर बॅज घेऊ नका. बुकिंग, पब्लिशिंग (गाण्याच्या रचनेचे हक्क सांभाळण्याचा व्यवसाय), लेबल, लाइव्ह साउंड यांपैकी कशात काम करायचं असेल तर जरूर घ्या, पण दिवसाचं वेळापत्रक घरूनच आखून जा.

१९८७ पासून चालत आलेला हा उपक्रम एकाच वेळी परिषद आणि महोत्सव आहे. दिवसा व्यवसायाची सत्रं, रात्री शहरातल्या क्लबांमध्ये शोकेस, म्हणजे एकापाठोपाठ एक बँडचे छोटे कार्यक्रम. २०२५ ची सत्रं बरीचशी जुन्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झाली. ती इमारत पाडून नवी बांधायची असल्यामुळे पुढची सत्रं डाउनटाउनमध्ये विखुरलेली असतील. शिवाय २०२६ चा कार्यक्रम १२ ते १८ मार्च असा सातच दिवसांचा ठेवला. त्यामुळे खालचं अंतरांचं गणित नव्या नकाशावर एकदा ताडून पाहा.

बॅजची किंमत टप्प्याटप्प्याने वाढत जाते, म्हणून जायचं ठरलं की लगेच घ्यावा. सवलतीसाठी सध्या शिकत असल्याचा पुरावा लागतो. बॅजवर फोटो असतो आणि तो दुसऱ्याला देता येत नाही.

आता मुख्य भाग, दिवस. मोठ्या सभागृहातली मुलाखत बघायला रांगेत तास घालवू नका, गाजलेली बरीचशी भाषणं नंतर यूट्यूबवर येतात. खरा फायदा मेंटॉर सत्रांत आणि राउंडटेबलमध्ये (एका टेबलाभोवतीच्या छोट्या गटचर्चेत) आहे. मेंटॉर सत्र म्हणजे त्या क्षेत्रातल्या एका माणसाबरोबर समोरासमोर काही मिनिटं. जागा मोजक्या असतात आणि आधी नोंदवाव्या लागतात. नोंदणी खुली झाल्यावर दोन दिवसांनी बघितलं तर चांगल्या वेळा गेलेल्या असतात. वेळ इतका कमी असतो की 'मला संगीतक्षेत्रात काम करायचंय' एवढ्या प्रस्तावनेतच तो संपतो. 'तीनशे लोकांच्या हॉलसाठी बाहेरगावच्या बँडला हमीची रक्कम देताना तिकीटविक्रीचा अंदाज कशावरून बांधता?' असा एकच नेमका प्रश्न घेऊन जा. उत्तर मिळतं आणि समोरच्याला तुम्ही लक्षातही राहता.

जाण्याआधी गाण्यांच्या कॉपीराइट हक्कांचा अभ्यास केला नसेल तर पब्लिशिंगवरची निम्मी सत्रं डोक्यावरून जातील. किमान एवढं पक्कं करा. अमेरिकेत गाणं सादर झालं, वाजलं, की गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी आस्कॅप, बीएमआय यांसारख्या संस्था गोळा करतात. स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी (रचनेची प्रत वापरल्याबद्दलचे पैसे) २०२१ पासून द एमएलसी या संस्थेकडे आहे. ध्वनिमुद्रणाचे आणि गायक-वादकांचे डिजिटल रेडिओचे पैसे साउंडएक्सचेंजकडून येतात, पण साध्या एफएमवर गाणं वाजलं तर तिथे गायकाला काहीच मिळत नाही, फक्त रचनेचे पैसे मिळतात. आपल्याकडे रचनेचं काम आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) बघते, आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. पुण्या-मुंबईत गाणी करून अमेरिकेत शिकायला गेलेल्यांनी आपली नोंदणी नेमकी कोणत्या संस्थेत आहे हे तपासून जावं. एकाच प्रदेशासाठी दोन संस्थांकडे नाव घातलं की पैसे अडकतात.

रात्रीचं गणित सोपं आहे, फक्त पाळावं लागतं. शोकेस साधारण आठला सुरू होतात. बहुतेक ठिकाणी दर तासाच्या ठोक्याला नवा बँड, चाळीस मिनिटांचा सेट आणि वीस मिनिटं बदलाबदलीला. शेवटचा सेट एकचा, कारण टेक्सासमध्ये बार दोनला बंद होतात. म्हणजे दोन सेटच्या मध्ये चालायला वीसच मिनिटं. मोहॉक, स्टब्स, चिअर अप चार्लीज ही रेड रिव्हर रस्त्यावरची ठिकाणं एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत. तिथून साउथ काँग्रेसवरच्या कॉन्टिनेन्टल क्लबला वीस मिनिटांत पायी पोचणं होत नाही. एका रात्री एकच भाग धरा. आवडत्या बँडच्या आधीच्या सेटलाच आत जाऊन बसा, कारण जागा भरली की एक बाहेर आला तरच एक आत जातो, मग बॅज असो वा नसो. २०२५ मध्ये रांग टाळणारे एसएक्सएक्सप्रेस पास ॲपवर मोजकेच सुटायचे, अशा गोष्टींवर सगळी रात्र टांगू नका.

लाइव्ह साउंड शिकणाऱ्यांनी ती वीस मिनिटं स्टेजजवळ उभं राहून बघावीत. साउंडचेक नसतोच, असतो फक्त लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइक आणि वाद्याचा आवाज येतोय ना एवढीच तपासणी. ड्रमसेट आणि ॲम्प बहुधा सामायिक, बँड स्वतःचा स्नेअर, झांजा आणि पेडल घेऊन येतो. गडबड होते ती ठरलेल्या जागी: इनपुट लिस्ट (कोणतं वाद्य, कोणता माइक कुठे जोडायचा याची यादी) जुनी असते, लॅपटॉपच्या ट्रॅकला डीआय बॉक्स (तो आवाज मिक्सरला जोडणारी डबी) मागितलेला नसतो, नाहीतर मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्यांना ऐकू येणाऱ्या स्पीकरमध्ये) काय हवं हे गायकाला नेमकं सांगता येत नाही. पहिलं गाणं त्यातच जातं. वर्गात महिनाभर शिकून जे उमगत नाही ते इथे एका रात्रीत दिसतं.

कानांची काळजी घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले, तर दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. छोट्या क्लबात ड्रमजवळ ही पातळी सहज गाठली जाते. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे गाणं दबल्यासारखं ऐकू येतं. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग सगळे स्वर साधारण सारखे कमी करतात. ते घ्या, आणि घातल्यावर काढू नका.

एकवीस वर्षं पूर्ण नसतील तर प्रत्येक शोकेसची वयाची अट आधी वाचा, काही ठिकाणी आतच सोडत नाहीत. अमेरिकेतलं ओळखपत्र किंवा लायसन्स नसेल तर मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्सवर दारावरचा माणूस ऐकत नाही. डाउनटाउनमधली हॉटेलं त्या आठवड्यात परवडत नाहीत. उत्तरेकडे बसच्या मार्गावर राहा. विमानतळावरून २० नंबरची बस थेट शहरात येते, तिकीट सव्वा डॉलर, दिवसाचा पास अडीच डॉलर. घड्याळ एक तास पुढे करण्याचा रविवारही मार्चमध्येच येतो. त्यानंतर भारत साडेदहा तास पुढे असतो, घरी फोन करताना लक्षात ठेवा.

ओळखींचं सांगायचं तर पार्टीत घेतलेल्या क्यूआर कोडमधून माझ्या हाती जवळपास काही लागलं नाही. राउंडटेबल आणि मेंटॉर सत्रांतल्या लोकांनी मात्र उत्तरं दिली, काहींशी अजून पत्रव्यवहार चालू आहे. दोन दिवसांच्या आत ईमेल गेली पाहिजे, विषयाच्या ओळीत तुम्ही विचारलेला प्रश्न आणि मजकुरात पाचच ओळी. गाणं जोडायचं असेल तर स्ट्रीमिंगची खासगी लिंक द्या. डब्ल्यूएव्हीसारखी जड ऑडिओ फाइल जोडली तर ईमेल अडकते, आणि मुदतीची डाउनलोड लिंक ते उघडेपर्यंत बंद पडलेली असते. मे उजाडला की बुकिंगवाले उन्हाळी महोत्सवांत बुडतात, तेव्हा दुसरी ईमेल एप्रिलमध्येच पाठवा.

स्वयंसेवक होऊन बॅज मिळवण्याचा मार्ग अनेकांना सुचतो. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. नफा कमावणाऱ्या कंपनीसाठी काम आणि मोबदल्यात बॅज, हे परवानगीविना केलेली नोकरी म्हणून धरलं जाऊ शकतं. त्यापेक्षा विद्यार्थी दराने बॅज घ्यावा. तेही जमत नसेल तर दुपारचे मोफत कार्यक्रम गाठा. नाव नोंदवलं म्हणजे प्रवेश मिळालाच असं तिथे नसतं, त्यामुळे दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा.