माल परत घेणे की अहवाल नाकारणे?

पेयात नको तो अंश सापडला की कंपनीपुढे दोन वाटा असतात. फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या प्रयोगशाळेला पेरिए या फ्रेंच खनिज पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन आढळले, तेव्हा कंपनीने काही दिवसांतच जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत मागवल्या. आधी मात्र तिने सफाईच्या द्रावणाकडे बोट दाखवले होते. झऱ्यातल्या वायूत मुळातच असलेले बेंझीन गाळणारी गाळणी वेळेवर बदललेली नव्हती, हे नंतर उघड झाले. माल परत घेण्याचा निर्णय निःसंशय योग्य होता, पण बदलत गेलेल्या खुलाशांनी विश्वासाला तडा गेला, तो गेलाच.

ऑगस्ट २००३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्लीत विकल्या जाणाऱ्या १२ शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन यांसारख्या कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले. त्यावर एरवी एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असलेल्या कोका-कोला आणि पेप्सी या कंपन्यांनी एकत्र पत्रकार परिषद घेऊन निष्कर्ष फेटाळले. शरद पवारांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. तयार शीतपेयातील कीटकनाशकांना त्या वेळी आपल्या कायद्यात मर्यादाच नव्हती, ही उणीव सरकारची होती, हे मान्य करायलाच हवे. तरीही मुलांच्या हाती जाणाऱ्या बाटलीची जबाबदारी कायद्यातल्या रिकाम्या जागेवर ढकलता येत नाही, म्हणून या दोन वाटांपैकी मी पेरिएची वाट, तिच्या चुकांसह, अधिक सचोटीची मानतो.