वणवा: वनखात्यावर सोडायचा, समितीकडे द्यायचा की ग्रामसभेनं हाती घ्यायचा?

२६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत आपल्याकडचे डोंगर पार पिवळे पडलेले असतात आणि वणव्याचा विषय निघतोच. सातारा, जावळी, पाटण भागातल्या गावांपुढे तीन वाटा असतात. यंदा तुमच्याकडे तसा ठराव येणार असेल, तर हात वर करण्याआधी तिन्ही ताडून बघा.

पहिली वाट म्हणजे सगळं वनखात्यावर सोडणं. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) काढायला मजूर, पाला उडवायचे ब्लोअर, गुन्हा नोंदवायचा अधिकार हे सगळं त्यांच्याकडे आहे. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाचा आगीचा इशारा मोबाइलवर येतो आणि त्यासाठी कुणालाही नाव नोंदवता येतं. तेवढं आजच करा. पण हा इशारा ज्या उपग्रहांवर मुख्यतः अवलंबून आहे, ते दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात. संध्याकाळी पाचला पेटलेलं कुसळ त्यांना दिसेपर्यंत डोंगर काळा झालेला असतो.

दुसरी अडचण हद्दीची. आपल्या भागात बराच डोंगर मालकीचा आहे, आणि आग पुष्कळदा तिथूनच निघते. कुणी बांध पेटवतो, कुणी राब भाजतो (पेरणीआधी शेतात पालापाचोळा पसरून जाळतो), कुणी पावसाळ्यात गवत जोमानं यावं म्हणून काडी लावतो.

एका मार्चमध्ये चार वाजता आमच्या डोंगरावर धूर दिसला. फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला: "गट नंबर कुठला? मालकी की वन?" ते ठरेस्तोवर वारं फिरलं. आम्ही बारा-पंधरा जण निर्गुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन चढलो. चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते, तिच्या वरच्या अंगाला उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ, हे त्या दिवशी अंगावर आल्यावर कळलं. विझवून उतरताना मुरमात टिटवीची चार अंडी दिसली, तडकलेली. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. तो आवाज अजून कानातून जात नाही.

संयुक्त वन व्यवस्थापन समिती ही मधली वाट. केंद्रानं १९९० मध्ये लोकांना वनरक्षणात घेण्याचं धोरण आणलं, त्यातून या समित्या उभ्या राहिल्या. जवळचं उदाहरण कास पठाराचं. फुलांच्या हंगामात तिथली व्यवस्था कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांची समिती बघते, प्रवेशशुल्क घेते. पठाराशी गावाचा पैशाचा संबंध जुळला, की राखणीला स्वतःची माणसं लावता येतात. पण प्रत्येक डोंगराला कासची फुलं नाहीत. उत्पन्न नसेल तर समिती कागदावर उरते. बहुतेक ठिकाणी सचिव खात्याचा असतो, त्याची बदली झाली की घडी विस्कटते. शिवाय तिचं काम वनाच्या हद्दीपुरतं.

तिसरी वाट, ग्रामसभेचा स्वतःचा आराखडा. माझा कल इकडे आहे, कारण मालकीचा डोंगर फक्त यातच येतो. राब कधी भाजायचा हे ठरवता येतं: भल्या सकाळी, वारं पडलेलं असताना, शेजाऱ्याला सांगून, पाण्याची घागर जवळ ठेवून. गवत आधी कापून गंजी रचली, तर जळायला उरतं कमी आणि चाराही वाचतो. सरपणाला जाणाऱ्या बायकांना डोंगराची प्रत्येक वाट ठाऊक असते, तरी बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही. त्यांच्याशिवाय काढलेला नकाशा अर्धाच.

यातली दुखरी बाजूही सांगतो. पैसा नाही, विमा नाही, आणि भावकीतल्या माणसाला दंड लावायला कुणी धजत नाही. त्याहून मोठा प्रश्न माणसांचा. पोरं मुंबई-पुण्याला आणि गावात म्हातारी माणसं, अशी स्थिती असेल तर आग विझवण्याची जबाबदारी आराखड्यात लिहूच नका. जाळरेषा, टेहळणी आणि पहिला फोन एवढंच घ्या. राखीव वनात ज्यांचे चराईचे किंवा सरपणाचे हक्क आहेत, त्यांना आगीची खबर देणं आणि मदत करणं कायद्यानं बंधनकारक आहे, तेही ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा.

डोंगर बहुतांशी मालकीचा असेल तर आधी ग्रामसभेचा आराखडा करा, मग वनहद्दीसाठी समिती त्याला जोडा. शिवार कोयना अभयारण्याला किंवा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून असेल तर मात्र पहिल्या बैठकीपासून खात्याला बरोबर घ्या, परस्पर आत जाऊ नका.

पहिल्या बैठकीला गुराख्यांना पुढे बसवा. आमच्याकडे कोपऱ्यात बसलेले एक धनगर आबा शेवटी बोलले, "आम्ही काडी लावतो ती हिरवं फुटावं म्हणून. मे महिन्यापतुर जनावरं कुठं न्यायची तेवढं सांगा." त्या रात्री चराईचे दोन तुकडे ठरले. आराखड्याच्या वहीत पहिल्या पानावर तेच आहेत, जाळरेषा दुसऱ्या पानावर.