म्हापशातील एक समुपदेशन केंद्र : गुपिताला घाई न करणारे

म्हापशात समुपदेशकाकडे जाणे हेच मुळात गुपित ठरते, कारण जिन्यावर भेटणारा माणूस हमखास आपल्या वाड्यावरचा निघतो. या केंद्रात आलेल्याला नावाने पुकारत नाहीत आणि बाहेर पडण्याचा दरवाजा वेगळा आहे, ही पहिली जमेची बाजू. शुक्रवारची वेळ मात्र घेऊ नये. त्या दिवशी बाजाराला अर्धा बार्देश तालुका लोटतो.

आजोबांनी गोवा मुक्तिलढ्यात आग्वादचा तुरुंगवास सोसला, आणि मी मुलांच्या शिक्षणासाठी पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणीचे कागद जमवत होतो. वडील 1961 पूर्वीच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मल्याने पोर्तुगीज नागरिकत्वाचा तो मार्ग खुला होता. परंतु भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे पुढे भारतीय पासपोर्ट परत करावा लागणार, हे मी घरी कोणाच्याही कानावर घातले नव्हते. 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, आजोबांच्या तसबिरीला हार घालताना आपण सोंग वठवतो आहोत, असे वाटू लागले.

समुपदेशक बाईंनी गुपित काय आहे हे विचारलेच नाही. "कोणी समोर नसताना ते किती वेळा मनात येते?" एवढेच विचारले आणि हातातले पेन खाली ठेवले. मानसशास्त्रज्ञ मायकल स्लेपियन व सहकाऱ्यांच्या 2017 सालच्या संशोधनातही हेच आढळले होते : गुपित प्रत्यक्ष लपवण्याचे प्रसंग कमी येतात, एकट्याचे मन मात्र त्याकडे कितीतरी अधिक वेळा वळते, आणि स्वास्थ्य बिघडण्याचा संबंध प्रामुख्याने या वळण्याशी असतो. सर्वांना सांगून मोकळे व्हा, असा सल्ला बाईंनी दिला नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते. मी पत्नीला सांगितले. ती दोन दिवस अबोल राहिली, मग तिने स्वतःच कागद चाळायला घेतले. काकांना अद्याप सांगितलेले नाही, परंतु त्यांच्यासमोर आता खोटे वागल्यासारखे वाटत नाही.

बोललेले कोणत्या परिस्थितीत बाहेर जाऊ शकते, उदाहरणार्थ जिवाला धोका असल्यास, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करतात. मात्र दोन खोल्यांमधील भिंत प्लायवुडची असून पलीकडचे हुंदके ऐकू येतात. गोपनीयता हेच ज्यांचे भांडवल, त्यांनी हा खर्च टाळणे अक्षम्य आहे. तोवर कोपऱ्यातली खोली मागून घ्यावी. बोलणे कोंकणीत किंवा मराठीत होते, आणि फोनवर वेळ ठरवताना नुसती आद्याक्षरे सांगितली तरी चालतात.