दुकान चोख, पाटी मात्र पटली नाही: जुन्या नाशकातलं रेकॉर्डचं दुकान

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक मोकळे. रविवार कारंज्याकडून मेन रोडला लागलं की आतल्या एका बोळात जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे. भाव वाढलेत, चांगलेच वाढलेत. तरीही माल बघून, वाजवून, मग घेता येतो म्हणून मी रेकॉर्ड तिथूनच घेते आणि तुम्हीही घ्या म्हणेन. पण गल्ल्याच्या मागे हल्ली एक पाटी लागली आहे, 'रेकॉर्ड घ्या, कलाकार जगवा'. ती मला पटलेली नाही. मालकांना हे तोंडावर सांगून झालंय, त्यामुळे इथे लिहायला संकोच नाही.

माझी ओळख एवढीच की मी पेटीची साथ करते आणि गंगापूर रोडला पेटीचा क्लास घेते. रेकॉर्ड घेते ती मुख्यतः साथ ऐकायला. तेच गाणं मोबाइलवर फुकट ऐकता येतं हे मला माहीत आहे. पण मोबाइलवर गायकाच्या नावापाशी सगळं संपतं. जुन्या एलपीच्या, म्हणजे मोठ्या बारा इंची रेकॉर्डच्या कव्हरची पाठ वाचा, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, सारंगीवर कोण, बहुतेक वेळा छापलेलं असतं. ज्यावर नसतं त्यावर काका आणि मी पैज लावतो. (मालकांना सगळं गिऱ्हाईक काकाच म्हणतं, मीही म्हणते.)

दुकान म्हणजे एक खोली. तिघं उभे राहिले की चौथ्याने पायरीवर थांबायचं. काकांच्या वडिलांचं इथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या खुणा वरच्या फळीवर अजून आहेत. रेकॉर्ड उभ्या लावलेल्या, पुस्तकांसारख्या, एकावर एक थप्पी नाही. ही पहिली चांगली खूण. आडवी थप्पी लावली की खालच्या रेकॉर्ड वाकतात आणि मग सुई होडीत बसल्यासारखी वरखाली होते. फळ्यांवर चिठ्ठ्या आहेत: मराठी, शास्त्रीय, सिनेमा, इंग्रजी. आणि खाली जमिनीवर एक खोकं आहे, त्यावर खडूने लिहिलंय 'बघू'. अजून धुतलं नाही, वाजवलं नाही, भाव ठरला नाही असा सगळा ऐवज त्यात.

हा ऐवज येतो कुठून? जुन्या नाशकातले वाडे पडतायत, तिथून. वाडा बिल्डरकडे जायच्या आधी माळा रिकामा होतो. पितळी भांडी सराफात जातात, पुस्तकं रद्दीत आणि रेकॉर्डचा गठ्ठा काकांकडे. काही कव्हरांवर खालून चार बोटांवर तपकिरी रेघ दिसते. २००८ च्या किंवा २०१६ च्या पुराची. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की सराफ बाजारात, भांडी बाजारात काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. अशी कव्हरं काका लपवत नाहीत, उलट रेघेवर बोट ठेवून दाखवतात आणि तेवढे पैसे कमी करतात.

आता तपासणी. माझ्या मते दुकानाचा खरा भाव इथे वसूल होतो. गेल्या वेळी गायक द. वि. (दत्तात्रेय विष्णु) पलुसकरांची एक एलपी काढायला सांगितली. काकांनी ती तळव्यांत धरली, कडा आणि मधलं लेबल एवढंच हाताला लागेल अशी. ट्यूबलाइटखाली नेऊन तिरकी केली. केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. "ह्या काही नाही," म्हणाले. मग एका ठळक चऱ्यावरून नख अगदी हलकं आडवं फिरवलं. "नख अडकलं तर सुई अडकणार. हे अडकत नाही. टक टक ऐकू येईल, पण पुढे जाईल." डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, चरींच्या दिशेने गोल गोल, आडवा कधीच नाही. लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरलेलं. वाळली, वाजवली. टक टक बरोबर सांगितल्या जागी आली, विलंबितात, समेच्या थोडी आधी. मी हसले तर काकांना वाटलं मी भाव पाडणार.

भाव पडला नाही. नऊशे म्हणाले, नऊशेच घेतले.

द. वि. पलुसकर जन्मले नाशकात, १९२१ मध्ये. त्यांच्या वडिलांचा, विष्णु दिगंबरांचा रामनाम आधाराश्रम पंचवटीतला. आणि दत्तात्रेयबुवा १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षीच गेले. त्यांच्या हयातीत निघाल्या त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. एलपी सगळ्या मागाहूनच्या. त्यामुळे नाशकात त्यांची एलपी नऊशेला विकली जावी याचं मला वाईट वाटत नाही. काकांनी ती धुतली, वाजवून दाखवली, खोट सांगितली, त्याचे ते पैसे आहेत. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला 'उत्तम स्थिती' म्हणून ताटलीसारखी खोलगट झालेली रेकॉर्ड पाठवली होती आणि परत घ्यायला नकार दिला. तिच्यापुढे नऊशे स्वस्त.

भावांचं बोलायचं तर मराठी भावगीतांच्या छोट्या ईपी पूर्वी पन्नास-साठला मिळत, आता दीडशे ते तीनशे. शास्त्रीय एलपी सहाशेपासून बाराशेपर्यंत. हिंदी सिनेमाच्या नावाजलेल्या एलपींचं विचारू नका, त्या दीड-दोन हजारांच्या पुढे जातात, आणि त्यातल्या निम्म्या वाजवण्यासाठी जात नाहीत. कॉलेज रोडच्या कॅफेवाल्यांना भिंतीवर लावायला हव्या असतात. कव्हर भिंतीवर, रेकॉर्ड कपाटात. चालायचंच. ७८ च्या लाखेच्या तबकड्या मात्र शंभर-दोनशेत मिळतात, कारण त्या वाजवायची सोय फार थोड्यांकडे आहे. त्यांची चर रुंद, एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन खडखडते, वेगळी पिन लागते. ती नसेल तर स्वस्त दिसतात म्हणून घेऊ नका.

एक उपयोगाची गोष्ट काकांनीच शिकवली. एचएमव्हीच्या जुन्या एलपीचा नंबर बघायचा. ईएएलपी, ईसीएलपी असं असेल तर मोनो, शेवटी एसडी असेल, म्हणजे ईएएसडी किंवा ईसीएसडी, तर स्टिरिओ. लोक स्टिरिओला जास्त पैसे मोजतात. पेटी ऐकायची तर मला मोनो आवडतं. सगळे एकाच ठिकाणी बसून गातायत-वाजवतायत असं वाटतं, आणि पेटी गळ्याच्या किती मागे आहे ते नीट कळतं.

जुन्या मालाचे भाव चढण्यात गूढ काही नाही. कॅसेट आली, ऐंशीच्या दशकात घरोघर पोचली, आणि नव्वदीत आपल्याकडे रेकॉर्ड निघणं जवळपास थांबलं. एचएमव्हीच्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून जेवढ्या निघायच्या तेवढ्या निघून गेल्या. त्यातल्या फुटल्या, बुरशीने गेल्या, पुरात गेल्या. उरलेल्यांना गिऱ्हाईक वाढलं.

नव्या रेकॉर्डचं गणित निराळं. काका हल्ली एक फळी नव्या, सीलबंद एलपींची ठेवतात. परदेशातून आलेली साडेतीन हजारांच्या खाली क्वचित. पहिल्यांदा आकडा ऐकला की लूट वाटते, पण ती कशी बनते ते बघा. आधी लॅकरच्या चकतीवर चर कोरायची, तिच्यावर निकेल चढवून साचे करायचे, मग गरम, मऊ झालेला पीव्हीसीचा गोळा त्या दोन साच्यांत दाबायचा. दाबायला अर्धं मिनिटसुद्धा पुरतं. पैसे खातात ते साचे. हजार प्रती काढा किंवा तीनशे, साच्याचा खर्च जवळपास तोच. आता आपला एखादा सतारिया तीनशेच प्रती काढणार, मग एकेक प्रत महाग पडणारच. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. ह्या लॅकरच्या चकत्या बनवणारे जगात दोनच होते, उरला जपानमधला एक. आणि मागणी तर वाढतच गेली: अमेरिकेत २०२२ मध्ये, १९८७ नंतर पहिल्यांदाच, सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, सुमारे ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. मोठे गायक लाखांनी प्रती मागवतात तेव्हा तीनशेवाल्याचा नंबर मागे जातो. वर जहाजाचं किंवा विमानाचं भाडं, कस्टम, जीएसटी, आणि घसरलेला रुपया.

तर ती पाटी. मी काकांना विचारलं, "काका, ही पलुसकरांची एलपी मी घेतली. पैसे कुणाला?"

"मला."

"मग कलाकार कसा जगला?"

"ताई, पाटी पोरांनी लावलीय, त्या इन्स्टावर बघून. आणि मीपण कलाकारच की! ही बुरशी काढून दाखवा बरं तुम्ही."

उत्तर चोख, पण माझा मुद्दा तसाच राहतो. जुनी रेकॉर्ड एका हातातून दुसऱ्या हातात विकली जाते तेव्हा गाणाऱ्याला, त्याच्या वारसाला, कंपनीला, कुणालाही दमडी जात नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे पलुसकरांच्या तबकड्यांवरचा हक्क कधीच संपला. बरं, त्या काळी तरी गाणाऱ्याला किती मिळे? लताबाईंनी साठच्या दशकात रॉयल्टीचा आग्रह धरला तर केवढं महाभारत झालं, रफीसाहेबांशी अबोला झाला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारात कुणी लिहून घेऊ शकणार नाही, ही तरतूद यायला २०१२ उजाडलं. आणि साथीदार? आमचं पाकीट मैफलीनंतर एकदाच. कव्हरच्या पाठीवर नाव आलं तर भाग्य.

ऑनलाइन ऐकण्याचं म्हणाल तर एका ऐकण्यामागे मिळतात ते पैसेच, रुपया नव्हे. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा तरी ऐकलं न गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला काहीच द्यायचं नाही. नाशकात राहून ख्याल गाणाऱ्या मुलीने हजार वेळा ऐकायला माणसं आणायची कुठून? तिच्या वर्गातली मुलं, मावश्या आणि मी.

म्हणून माझा हिशेब दोन वह्यांत आहे. काकांकडे देते ते पैसे माझ्या हौसेचे, आणि एका जाणत्या दुकानदाराच्या श्रमांचे. कलाकारासाठीचे पैसे वेगळे काढते आणि ते थेट जातील असं बघते. कालिदास कलामंदिरात किंवा कुसुमाग्रज स्मारकात मैफल असली की पास मागत नाही, तिकीट काढते. बाहेर टेबलावर सीडी, एलपी, काहीही विकायला असलं की तिथेच घेते, कारण मध्ये कुणी नसतं. बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार आपलं संगीत स्वतः विकतात त्या साइटवर, असलेल्या कलाकाराचं तिथून घेते. ते डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के ठेवतात, आणि २०२० पासून काही शुक्रवारी आपला वाटा सोडून देतात. नवी साडेतीन हजारांची एलपी घेणं वाईट नाही, पण ती कुणाकडून घेतली यावर सगळं आहे. दुकानातून घेतलीत तर आयातदार आणि दुकानदाराचं सुटल्यावर उरतं ते गाणाऱ्याकडे. आणि साडेतीन हजारांत पाचशेची सात तिकिटं येतात, हेही एकदा मनात मांडून बघा. सभागृहात सात डोकी जास्त दिसली की पुढच्या वर्षी आयोजक साथीदारांचं पाकीट ठरवताना हात जरा सैल सोडतो. हे मी पेटीमागे बसून बघितलेलं आहे.

काकांनी एक फळी नाशिकच्या कलाकारांच्या सीडींना द्यावी, विकली तर पूर्ण पैसे कलाकाराला, असं मी सुचवलंय. "बघू" म्हणाले. म्हणजे ते खोक्यात गेलं.

तक्रारी आहेतच. पावती मागितली तर वहीचं पान फाडून देतात. कव्हर आणि रेकॉर्ड कधी कधी भलत्याच जोडीने नांदत असतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्यात खोलीला कुबट वास येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये आलेला माल घरी आणून आठवडाभर उघड्यावर वाळवल्याशिवाय मी कपाटात ठेवत नाही. फुटलेली कव्हरं चिकटपट्टीने जोडायची काकांची सवय मला अजिबात आवडत नाही, काही वर्षांत ती पट्टी पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. पायरी उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाला तरी सोबत घ्यावं. गाडी बोळात नेऊ नका.

दुपारी एक ते चार बंद. सकाळी अकरानंतर गेलात तर काका निवांत वाजवून दाखवतात, संध्याकाळी गर्दीत तेच काम पाच मिनिटांत उरकतात. बारा इंची एलपी आडवी न होता मावेल अशी पिशवी घरून न्या. आणि 'बघू'च्या खोक्यातलं काही हवं असेल तर आधी फळीवरची दुसरी एखादी रेकॉर्ड हातात घ्या. सरळ खोक्याकडे वाकलात की भाव चढलाच म्हणून समजा.