आईबाबांसाठी गादीखालची शीट, सेन्सरवालं बनियन की रडार?

आईबाबा साताऱ्याला दोघंच, मुलं पुण्यात नाहीतर पार कॅनडात, आणि स्मार्टवॉच दिलं तर ते चार्जिंगला लावणार कोण, म्हणून आता बरेच जण विचारतात की अंगावर काही न बांधता तब्येतीवर लक्ष ठेवणारं काय घ्यावं. पर्याय मुख्य तीन, पण तिघांचं काम एकच आहे असं धरून घेऊ नका.

आधी गादीखालची शीट, म्हणजे गादीखाली पसरायची सेन्सरची पट्टी. आपल्याकडे बंगळुरूच्या डोझी कंपनीमुळे हा प्रकार बऱ्यापैकी माहीत झालाय, हॉस्पिटलातही वापरतात. कसंय, दर ठोक्याला हृदय रक्त ढकलतं तेव्हा अख्खं शरीर किंचित हलतं (जुन्या काट्याच्या वजनमशीनवर स्थिर उभं राहून बघा, काटा ठोक्यागणिक थरथरतो, तेच हे), श्वासाची हालचाल त्याहून मोठी नि संथ, सॉफ्टवेअर दोन्ही वेगळ्या करतं. याला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. माणूस काहीही विसरला तरी झोपायला जातोच, त्यामुळे रात्रीचा पल्स, श्वासाचा वेग, किती वेळा उठले हे सगळं महिनोन्‌महिने जमा होत राहतं. आणि माझ्या मते खरी किंमत तिथेच आहे, एका रात्रीच्या आकड्यात नाही. बाबांचा श्वास एरवी मिनिटाला 14-15 असतो आणि सलग काही रात्री 20 च्या वर दिसला तर डॉक्टरांना दाखवायला ठोस कारण मिळतं. अडचणीही आहेत. कूस बदलली की तेवढ्यापुरतं रीडिंग जातं, डबलबेडवर शेजारच्याची हालचाल मिसळू शकते, कापसाची गादी जाड आणि गठ्ठे झालेली असेल तर आधी बॉक्सवरची जाडीची मर्यादा बघा. आणि दिवसभर आरामखुर्चीत बसणाऱ्या माणसाचं शीटला रात्रीपर्यंत काहीच कळत नाही.

सेन्सरवालं बनियन, म्हणजे कॅनडाचं हेक्सोस्किन वगैरे, हे खरं तर कॉन्टॅक्टलेस नाहीच, त्यातले इलेक्ट्रोड कातडीला चिकटूनच राहावे लागतात. पण ईसीजी मिळतो, जो शीट देऊ शकत नाही. म्हाताऱ्या माणसाची कोरडी त्वचा, त्यामुळे आधी पाण्याचा हात फिरवावा लागतो, कपडा घट्ट, मे महिन्यात कोण घालणार सांगा. चांदीचा मुलामा दिलेला धागा असेल तर तो धुऊन धुऊन झिजतो, धुणंवाल्या मावशींनी एकदा ब्रशने घासलं की कल्याण.

कपड्यावरूनच ईसीजी घेणारी सीट हवी असं कुणाला वाटेल, तर 2011 मध्ये फोर्डने जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठासोबत सहा सेन्सरची तशी कारची सीट दाखवली होती. सुती शर्टावर ठीक, सिंथेटिक कपडा आणि हालचाल आली की सिग्नल बिघडतो. घरासाठी सध्या सोडून द्या.

रडारवालं, म्हणजे रेडिओलहरींनी अंगाची हालचाल टिपणारं उपकरण उशाशी ठेवायचं, गूगल नेस्ट हब या स्क्रीनवाल्या स्पीकरच्या 2021 च्या मॉडेलमध्ये ते आहे, कॅमेरा नाही ही जमेची बाजू. पण ते झोपेपुरतं, वैद्यकीय नाही, आणि पंख्याने पडदा हलत असेल तर जागा नीट निवडावी लागते. अ‍ॅमेझॉनचं असंच उशाशी ठेवायचं हेलो राइझ 2022 ला आलं नि 2023 मध्ये कंपनीने हेलोची सेवाच बंद केली, तेव्हा क्लाउडवर चालणारी कुठलीही वस्तू घेताना सबस्क्रिप्शन संपल्यावर काय उरतं हे विचाराच.

बीपीसाठी दंडाला बांधायचं मशीन लागणारच, शुगर तिघांपैकी कुणालाच कळत नाही, आणि बाथरूममध्ये पडले तर शीटला फक्त बेड रिकामा दिसतो.

मी काय घेईन? ठोके चुकतात अशी शंका असेल तर बनियनच्या भानगडीत न पडता डॉक्टरांना विचारून होल्टर (दिवस-रात्र ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावून घ्यायचा. नुसतं रात्रीचं लक्ष हवं असेल तर शीट, दोघांना दोन, आणि राउटरला छोटा यूपीएस, कारण लाइट गेली की वायफाय जातं. फक्त ऑर्डर करायच्या आधी अलर्ट कुणाच्या फोनवर जाणार ते ठरवा. कॅनडातल्या मुलाला मेसेज जाऊन रात्री दोनला दार कोण उघडणार? शेजारच्या काकांकडे जादा चावी देऊन त्यांचाही नंबर ॲपमध्ये टाकता येतो का, हे सेल्सवाल्याकडून डेमोतच करून बघा.