विश्रामबागमधील गेमिंग कॅफे : एका संघनायकाचा दोन वर्षांचा अनुभव

गेली दोन वर्षे आमचा पाच जणांचा संघ आठवड्यातून तीन संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका गेमिंग कॅफेत ‘डोटा २’ या, पाच-पाच जणांच्या दोन संघांत संगणकावर रंगणाऱ्या खेळाचा सराव करतो. संघाचे नेतृत्व माझ्याकडे असल्यामुळे या जागेकडे मी एकट्याने तासभर खेळून जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहू शकत नाही. संगणक वेगवान हवेतच. पण पाच जणांना एकमेकांचे बोलणे नीट ऐकू येते का आणि हरलेला सामना सगळ्यांना एकत्र बसून पुन्हा पाहता येतो का, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

या कॅफेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे आतली खोली. तेथे पाच संगणक एकाच रांगेत आहेत, दाराला काच आहे आणि बाहेरच्या दालनातला आरडाओरडा आत फारसा पोहोचत नाही. पडदे १४४ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारे आहेत, इंटरनेट वायफायवर नसून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तारेने जोडलेले आहे आणि भारतातील सर्व्हरवर आम्हाला बहुतेक वेळा ३० ते ४० मिलिसेकंदांचा पिंग मिळतो, म्हणजे सर्व्हरकडे संदेश जाऊन परत यायला तेवढाच वेळ लागतो. खेळाचे अपडेट मालक सकाळीच उतरवून ठेवतात. ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु सहा वाजता प्रतिस्पर्धी संघ लॉबीत, म्हणजे खेळातल्या प्रतीक्षा-दालनात, थांबलेला असताना पाचपैकी एका यंत्रावर अपडेट सुरू होणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्याला तिचे मोल कळेल.

या खेळात संघनायकाचे काम सामना सुरू होण्याआधीच सुरू होते. कॅप्टन्स मोड या प्रकारात शंभराहून अधिक नायकांमधून, म्हणजे खेळातल्या पात्रांमधून, कोणाला बाद करायचे आणि कोणाला निवडायचे, हे तो घड्याळाकडे पाहत ठरवतो, आणि चार सहकाऱ्यांची चार मते त्याला त्याच अवधीत ऐकून घ्यावी लागतात. मी ज्यांच्याकडे पाहून हे शिकलो ते डेन्मार्कचे योहान सुंडस्टाइन, म्हणजे खेळाडूंच्या जगातले ‘नोटेल’. २०१५ साली त्यांनी आपल्या जुन्या मित्रासोबत ‘ओजी’ हा संघ उभा केला. २०१८च्या उन्हाळ्यात, जागतिक स्पर्धेला जेमतेम तीन महिने उरले असताना, तो मित्र आणि आणखी एक खेळाडू दुसऱ्या संघात गेले. नोटेल यांनी प्रशिक्षकालाच खेळाडू म्हणून उतरवले, मोठ्या मंचाचा फारसा अनुभव नसलेला एक फिनिश तरुण घेतला, खुल्या पात्रता फेरीतून वाट काढली आणि व्हँकुव्हर येथे ‘द इंटरनॅशनल’ ही जागतिक स्पर्धा जिंकली. अंतिम सामना ३-२ असा सुटला. पुढच्या वर्षी शांघायमध्ये त्यांनी तीच स्पर्धा पुन्हा जिंकली, तेव्हा एकूण बक्षीस ३ कोटी ४३ लाख डॉलरच्या घरात होते. माझ्या घरच्यांना हा आकडा पटतो. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी, की संघनायक असूनही नोटेल पाचव्या पोझिशनवर खेळत. त्या जागेवरचा खेळाडू नकाशावर नजर ठेवणारे वॉर्ड लावतो, सहकाऱ्यांसाठी प्राण देतो आणि स्वतः बहुधा संघात खेळातल्या सर्वांत कमी सोन्यावर, म्हणजे कमाईवर, सामना काढतो. मीही त्याच जागेवर खेळतो.

म्हणूनच सामन्यानंतरचा अर्धा तास मला मोलाचा वाटतो. रिप्ले, म्हणजे सामन्याचे ध्वनिमुद्रणासारखे जतन झालेले चित्रण, लावला की एकच लढत प्रत्येकाच्या नजरेतून पाहता येते, आणि ‘तू का आला नाहीस’ या भांडणाची जागा ‘तुला ते दिसतच नव्हते’ ही समजूत घेते. खोली रिकामी असेल तर मालक या अर्ध्या तासाचे पैसे घेत नाहीत. मागच्या पावसाळ्यात आमचा एक खेळाडू संघ सोडण्याच्या विचारात होता; तो थांबला, त्यात या खोलीतल्या बैठकांचा वाटा आहे, असे मी मनापासून मानतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. हेडसेटचे माइक जुने झाले आहेत. पंख्याचा आवाज त्यातून इतका येतो की ऐन लढतीत दिलेली सूचना अर्धीच ऐकू जाते. मी स्वतःचा हेडसेट नेतो, पण पाचही जणांना ते परवडत नाही. वीज गेल्यास यूपीएस सुमारे दहा मिनिटे तग धरतो, आणि डोटाचा सामना पाऊण तास सहज चालतो. रात्री दहाला कॅफे बंद होत असल्यामुळे उशिरा सुरू होणाऱ्या ऑनलाइन स्पर्धांचे सामने आम्हाला घरोघरी बसून खेळावे लागतात.

दर तासाला ५० रुपये आहे, आणि पाच जणांनी तीन तास एकत्र घेतल्यास ७५० ऐवजी ६०० रुपये पडतात. भडंग आणि चहा बाहेरच्या बाकावरच घ्यायचा, हा मालकांचा नियम मला योग्य वाटतो, कारण येथील कीबोर्ड अजून तेलकट झालेले नाहीत. शाळेच्या वेळेत गणवेशातल्या मुलांना ते परत पाठवतात, त्यामुळे पालकही निर्धास्त असतात.

केवळ विरंगुळ्यासाठी खेळणाऱ्यांना सांगलीत याहून स्वस्त जागा सापडतील. पाच जणांचा संघ बांधू पाहणाऱ्यांनी मात्र आतली खोली दोन दिवस आधी सांगून राखून घ्यावी आणि हेडसेट शक्यतो आपले न्यावेत. शनिवारी ती आम्ही घेतलेली असते.